ब्लूटूथमधला एसबीसी कोडेक: नाव राहू द्या, बिटपूल बघा

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर ब्लूटूथ हेडफोन किंवा जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला लावायचा रिसिव्हर बोर्ड घ्यायला गेलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एलडॅक आहे का? नसेल तर अ‍ॅपटीएक्स तरी? तेही नसेल तर वस्तू परत काउंटरवर. ही सगळी कोडेकची, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या आणि पलीकडे उलगडायच्या पद्धतींची, नावं. त्यांतल्या एसबीसीबद्दल (सबबँड कोडेक) कोणी विचारत नाही, कारण तो सगळ्यांतच असतो. ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवायची ए२डीपी प्रोफाइल २००३ मध्ये आली आणि तिच्यात एसबीसी सक्तीचा ठेवला गेला. दोन उपकरणांचं बाकी कशावरच जमलं नाही तरी एसबीसीवर जमतंच. फुकट आणि हमखास मिळणाऱ्या गोष्टीची किंमत राहत नाही, तसं त्याचं झालं आहे.

हा रिव्ह्यू त्या एसबीसीचा आहे. मत आधीच सांगतो. सेकंदाला ३२८ किलोबिटने नीट चालणारा एसबीसी लोकलमध्ये, घरी आणि भजनी मंडळाच्या स्पीकरवर बिनधास्त वापरण्याजोगा आहे. तोच कोडेक २२९ किलोबिटवर उतरला की टाळ-झांजांचा पार चुरा होतो. खोक्यावर दोन्ही वेळा नाव एकच लिहिलेलं असतं. म्हणून कोडेकच्या नावापेक्षा बिटपूलचा, म्हणजे एका वेळी वाटायला किती बिट आहेत तो, आकडा महत्त्वाचा, आणि तो कसा बघायचा हे खाली आहे.

आधी हे यंत्र चालतं कसं. आवाजाचे वारंवारितेनुसार पट्टे पाडायचे आणि जिथे गरज जास्त तिथे जास्त बिट द्यायचे, ही कल्पना १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये क्रोशियर, वेबर आणि फ्लॅनागन यांनी बोलण्याच्या आवाजासाठी मांडली. पुढे एमपी३ने आवाजाचे ३२ पट्टे पाडून प्रत्येकाचे आणखी १८ तुकडे केले, म्हणजे ५७६ बारीक भाग. चित्रांसाठी जेपेग २००० ने हीच वाट धरली. मल्टिप्लेक्सच्या पडद्यावर दिसणाऱ्या डिजिटल सिनेमाची प्रत्येक फ्रेम जेपेग २००० मध्येच दाबलेली असते. तिथे मात्र पट्टे सारखे नसतात. खालच्या पट्ट्याचे पुन्हापुन्हा दोन भाग करत जातात, कारण चित्रातला बहुतेक ऐवज तिथेच असतो.

एसबीसीने सोपा मार्ग घेतला. सारख्या रुंदीचे ८ पट्टे, बस. (४ पट्ट्यांचीही सोय आहे, पण संगीतासाठी फोन ८ च घेतात.) सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला एकेक पट्टा २७५६ हर्ट्झ रुंद पडतो. पट्टे पाडणारा फिल्टर ८० गुणकांचा आहे. स्वस्तातली स्वस्त चिपसुद्धा बॅटरी फारशी न खाता तो चालवते, आणि २००३ मध्ये हीच गोष्ट सर्वांत मोलाची होती. प्रत्येक पट्ट्यातून एकेक सॅम्पल (आवाजाचं एक माप) घेतलं की एक ब्लॉक होतो, आणि असे १६ ब्लॉक जमले की एक फ्रेम पुरी होते: १६ गुणिले ८, दर चॅनलला १२८ सॅम्पल, वेळात २.९ मिलिसेकंद. त्या फ्रेमपुरता प्रत्येक पट्ट्याचा सर्वांत मोठा आकडा बघून ४ बिटांचा स्केल फॅक्टर, म्हणजे त्या पट्ट्याची मापपट्टी, ठरतो आणि त्या हिशोबाने बिट वाटले जातात. माणसाच्या कानाचं कुठलंही मोठं मॉडेल यात नाही. लाउडनेस नावाची एक ठरलेली सारणी आहे. ती सर्वांत खालच्या पट्ट्याला झुकतं माप देते आणि वरच्या दोघांना थोडं मागे सारते.

एक फ्रेम उघडून बघण्यासारखी आहे. चांगल्या सेटिंगची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, जॉइंट स्टिरिओ (डावं-उजवं एकत्र धरण्याची मुभा), ८ पट्टे, १६ ब्लॉक, बिटपूल ५३ असलेली फ्रेम बरोबर ११९ बाइटची भरते. पहिला बाइट कायम १५६, ही फ्रेम सुरू झाल्याची खूण. दुसऱ्यात सगळं सेटिंग कोंबलेलं असतं आणि लाउडनेस वाटपाला तो १८९ येतो. तिसरा बाइट म्हणजे बिटपूल, ५३. चौथा चूक ओळखण्यासाठी. पुढे एक बाइट कुठल्या पट्ट्यांत डावं-उजवं एकत्र केलं ते सांगतो, मग १६ स्केल फॅक्टरचे ८ बाइट, आणि उरलेल्या १०६ बाइटमध्ये खरा आवाज. सेकंदाला अशा साधारण ३४४.५ फ्रेम जातात, म्हणून ३२८ किलोबिट.

बिटपूल ५३ याचा अर्थ दर ब्लॉकला ५३ बिट, आणि त्यात डाव्या-उजव्याचे मिळून १६ पट्टे बसवायचे. सरासरी एकाच्या वाट्याला ३.३ बिट. सीडीवर प्रत्येक सॅम्पलला १६ बिट असतात. वाटपाचा एक नियम मोठा करडा आहे: मिळाले तर किमान २ बिट, नाही तर शून्य. एक बिट कोणालाच मिळत नाही. बिटपूल ३५ झाला (२२९ किलोबिटला तोच असतो) की वरच्या पट्ट्यांवर शून्याची पाळी येते, आणि तीही प्रत्येक फ्रेमला नव्याने ठरते. एका फ्रेममध्ये १६ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज आहे, पुढच्या २.९ मिलिसेकंदांत नाही, परत आहे. टाळ वाजला की जो चुळचुळीत, पाण्यात बुडवल्यासारखा आवाज येतो, तो इथे जन्मतो.

आता ऐकण्याबद्दल. चाचणीसाठी पाश्चात्त्य पॉप घेऊन उपयोग नाही. आपल्याकडची वाद्यं एसबीसीच्या गुण-दोषांवर नेमकं बोट ठेवतात.

तबला, ढोलकी, हलगी, ताशा यांत एसबीसी अव्वल आहे. कारण फ्रेमची लांबी. एएसी या दुसऱ्या कोडेकची फ्रेम १०२४ सॅम्पलची, म्हणजे २३ मिलिसेकंदांची असते. थाप त्या फ्रेमच्या शेवटी पडली तर दाबण्यातून आलेली खरखर थापेच्या आधीच पसरते, आणि ती झाकायला एन्कोडरला (आवाज दाबणाऱ्या प्रोग्रामला) वेळेवर छोट्या फ्रेमवर उडी मारावी लागते. चांगला एन्कोडर ते करतो, सुमार एन्कोडर चुकतो. एसबीसीमध्ये खरखर फार तर ३-५ मिलिसेकंद आधी सुरू होते, आणि इतकी जवळची गोष्ट कान थापेतच जमा करून टाकतो. किनारीवरचा ‘ना’ स्वच्छ, टोकदार येतो. ताशाची तर्री भरडली जात नाही.

तानपुरा आणि हार्मोनियम इथे तो दमतो. एकसारख्या लांब सुरात खरखर लपायला जागा नसते. गायकाचा षड्ज, तानपुऱ्याची जोड, हार्मोनियमचा भाता, हे जवळपास सगळं पहिल्या पट्ट्यात, ० ते २७५६ हर्ट्झमध्ये येतं. पट्टा एक, म्हणून त्याचा स्केल फॅक्टरही एक. सूर १३० हर्ट्झचा असला तरी त्याच्यामुळे आलेली खरखर २७०० हर्ट्झपर्यंत सारखी पसरते, आणि कान सर्वांत तिखट असतो तो त्याच्या आसपासच. ५३ च्या बिटपूलला पहिल्या पट्ट्याला पुरेसे बिट मिळतात आणि ही खरखर सुराखाली बुडते. बंद खोलीत, चांगल्या हेडफोनवर, नुसता तानपुरा लावून मन लावून ऐकलं तर सुराच्या कडेला हलकासा धुरकटपणा जाणवतो. लोकलच्या पंख्याखाली तो जाणवणं शक्य नाही.

भजनातले टाळ ही खरी परीक्षा. पाच किलोहर्ट्झच्या वर सगळीकडे दाट ऐवज, तोही पखवाजाच्या भरलेल्या थापेबरोबर. खाली पखवाजाला बिट हवेत, वर टाळाला हवेत, आणि थैली ५३ चीच. ३२८ ला टाळाची झणकार विरत जाताना शेवट थोडा लवकर तुटतो. २२९ ला झणकार राहतच नाही, नुसता ‘छस् छस्’ उरतो.

हे ज्याला स्वतःच्या कानांनी तपासायचं आहे त्याने ब्लूझेडच्या (लिनक्सच्या ब्लूटूथ प्रकल्पाच्या) एसबीसी लायब्ररीतली एसबीसीएन्क आणि एसबीसीडेक ही दोन छोटी साधनं लिनक्सवर घ्यावीत. त्यात बिटपूल, पट्टे, ब्लॉक, जॉइंट स्टिरिओ सगळं हाताने देता येतं. वेव्ह फाइल थेट चालत नाही, १६ बिटांची एयू फाइल लागते. पहिल्यांदा बहुतेक जण इथेच अडकतात. तीच फाइल ५३ आणि ३५ अशी दोनदा दाबायची, उलगडायची, आणि मूळ फाइलशी एबीएक्स पद्धतीने, म्हणजे कोणती कोणती ते न कळता, ताडून बघायची. फूबार२००० या प्लेअरमध्ये याची सोय मिळते. १६ फेऱ्यांत किमान १२ उत्तरं बरोबर आली तरच फरक ऐकू आला असं म्हणावं. नुसत्या अंदाजपंचे उत्तरांनी तेवढी जमण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते. ५३ ला बहुतेकांचे आकडे ८-९ च्या पुढे जात नाहीत, गाण्यात टाळ नसतील तर नक्कीच नाही.

मग इतक्या लोकांना एसबीसी वाईट का वाटतो? मुख्य कारण हेच की त्यांच्या कानावर ५३ चा एसबीसी पोचतच नाही. जोडणी होताना हेडफोन आपला कमाल बिटपूल फोनला सांगतो आणि फोन त्याच्यापुढे जात नाही. स्वस्त बोर्डात हा आकडा कमी ठेवलेला असला की विषय संपला. अँड्रॉइडचं स्वतःचं लक्ष्य ३२८ असतं, पण समोरचं उपकरण जुन्या, कमी वेगाच्या ब्लूटूथचं असेल तर तो २२९ वरच थांबतो.

आकडा बघायची रीत अशी. अँड्रॉइडमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा. तिथे ब्लूटूथ एचसीआय स्नूप लॉग (ब्लूटूथवरच्या देवाणघेवाणीची नोंद) चालू करा आणि ब्लूटूथ एकदा बंद-चालू करा, नाही तर लॉग भरत नाही. मिनिटभर गाणं वाजवा, बग रिपोर्ट काढा, त्यातली स्नूप फाइल कॉम्प्युटरवर वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्राममध्ये उघडा. संगीताच्या पॅकेटमध्ये एसबीसीची माहिती उलगडून दिसते. कच्चे बाइट बघणाऱ्यांनी एक खड्डा ओळखून ठेवावा. वायरशार्क बाइट हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या आकडेपद्धतीत) दाखवतो, म्हणून उत्तम फ्रेम ‘९सी बीडी ३५’ अशी सुरू होते. हा ३५ हेक्समधला आहे, म्हणजे आपला ५३. खरोखरच बिटपूल ३५ असेल तर तिथे २३ दिसेल. या घोटाळ्यातून चांगला हेडफोन वाईट ठरतो. आयफोनवर इतकं खोल सहज बघता येत नाही. तिथे कोडेक एएसी किंवा एसबीसी, दोनच, आणि निवड फोनच करतो.

मुंबईत दुसरा शत्रू हवेतच आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर एकेक मेगाहर्ट्झच्या ७९ वाटांमधून सेकंदाला जास्तीत जास्त १६०० वेळा उड्या मारत चालतो. इमारतीत प्रत्येक घरात वायफायचा राउटर. १, ६ आणि ११ हे तिन्ही चॅनल भरले की ७९ पैकी साठेक वाटा गेल्याच म्हणायच्या. ब्लूटूथ गजबजलेल्या वाटा टाळतो, पण किमान २० तरी वापराव्याच लागतात. घरी उपाय सोपा आहे: फोनचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका. लोकलमध्ये आणखी एक अडचण येते. माणसाचं शरीर म्हणजे मुख्यतः पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते शोषून घेतं. फोन पँटच्या डाव्या खिशात, अँटेना उजव्या कानात, मध्ये स्वतःचं अंग आणि भोवती दाबून उभी असलेली चार माणसं. अशा वेळी आवाज तुटतो तो कोडेकमुळे नाही. पॅकेट पोचत नाही म्हणून तुटतो. फोन शर्टाच्या खिशात, अँटेनाच्याच बाजूला ठेवला की निम्मा त्रास जातो. हॉटस्पॉट चालू असेल तर बंद करा; तो २.४ वर असला की त्याच रेडिओचा वेळ खातो.

गर्दीत ३२८ चा एसबीसी एलडॅकच्या ९९० पेक्षा टिकाऊ ठरतो, हे साधं गणित आहे. ११९ बाइटच्या पाच फ्रेम एका पॅकेटमध्ये आरामात बसतात आणि त्यात १४.५ मिलिसेकंदांचं संगीत जातं. पॅकेट हुकलं तर पुन्हा पाठवायला वेळ उरतो. ९९० ला हवेतला वेळ खूपच जास्त लागतो, परत पाठवायला फुरसत कमी उरते. मग एलडॅक ६६० वर, तिथून ३३० वर घसरतो. ३३० चा एलडॅक आणि ३२८ चा एसबीसी यांच्यात जास्तीचे पैसे मोजण्याइतका फरक नाही.

अ‍ॅपटीएक्सही पट्ट्यांचाच कोडेक आहे. चारच पट्टे, आणि बिट कायमचे ठरलेले: खालून वर ८, ४, २, २. सीडीच्या दराला ३५२ किलोबिट. वाटप बदलत नाही, त्यामुळे वरचे पट्टे कधी गायब होत नाहीत आणि टाळाची चुळचुळ होत नाही. पण वरच्या दोघांत सतत वाऱ्यासारखी बारीक सळसळ असते. भजन ऐकणाऱ्याने अ‍ॅपटीएक्स घ्यावा, तबलासोलो ऐकणाऱ्याला गरज नाही. ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओतला एलसी३ कोडेक या सगळ्यांपेक्षा कमी बिटांत चांगला आवाज देतो, पण फोन आणि हेडफोन दोन्हीकडे हवा.

ज्यांच्याकडे लिनक्स आहे किंवा फोनवर लिनिएजओएस (अँड्रॉइडचीच एक मोकळी आवृत्ती) आहे, त्यांनी एसबीसी एक्सक्यू जरूर वापरावा. कोडेक तोच, फक्त जॉइंट स्टिरिओऐवजी ड्युअल चॅनल घेतात आणि बिटपूल ३८. ड्युअलमध्ये बिटपूल प्रत्येक चॅनलला वेगळा मिळतो, म्हणून ३८ हा इथे ५३ पेक्षा मोठा ठरतो: फ्रेम १६४ बाइटची, दर ४५२ किलोबिट. हेडफोन बदलावा लागत नाही. तानपुऱ्याच्या कडेचा धुरकटपणा जातो, टाळाचा शेवट पूर्ण विरतो. लिनक्सच्या पाइपवायर या आवाजाच्या यंत्रणेत प्रोफाइलच्या यादीत तो सरळ निवडता येतो. काही हेडफोन हे सेटिंग मान्य करून मग गप्प बसतात. तसं झालं तर जोडणी पुसून पुन्हा करा, तरीही मुके राहिले तर साध्या एसबीसीवर परत या.

रिसिव्हर बोर्डांबद्दल एक खुलासा करायलाच हवा, कारण निम्म्या तक्रारी इथल्या असतात. काहीशे रुपयांचा बोर्ड जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत बसवला, त्याच सप्लायवर जोडला, आणि स्पीकरमधून ‘चिर्रर्र-टिकटिक’ सुरू झाली. लोक म्हणतात कोडेक बेकार. ओळखण्याची खूण सोपी आहे. कोडेकची खरखर संगीतामागे चालते. शांततेत दाबायला आवाजच नसतो आणि खरखरही शून्य होते. म्हणून पूर्ण शांत असलेली एक फाइल वाजवा. (पॉज दाबू नका, पॉजला काही बोर्ड आवाज आतूनच बंद करतात.) शांततेतही चिरचिर राहिली तर ती ग्राउंडमधून येते आहे. बोर्डाचा रेडिओ झटक्याझटक्याने करंट खेचतो आणि तो झटका ऑडिओच्या ग्राउंडवर चढतो. बी०५०५एस हे एक वॉटचं अलगीकरण करणारं मॉड्यूल बोर्डाच्या ५ व्होल्टच्या वाटेत घाला. ते २०० मिलिअँपिअरपर्यंत देतं, बहुतेक बोर्डांना एवढं पुरतं. त्याच्यात स्वतःचं नियंत्रण नाही, म्हणून इनपुटचे ५ व्होल्ट स्थिर हवेत आणि आउटपुटला १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. दुसरा उपाय म्हणजे ऑडिओच्या वाटेत ६००:६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर, दर चॅनलला एक. स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्ज खातो, त्यामुळे पखवाजासाठी पहिलाच उपाय बरा.

व्हिडिओ बघताना ओठ आणि आवाज यांचं जमत नाही त्याचा दोषही एसबीसीवर टाकू नये. कोडेकचा स्वतःचा उशीर मोजक्या मिलिसेकंदांचा आहे. दीडदोनशे मिलिसेकंद जातात ते रिसिव्हरने सुरक्षिततेसाठी साठवून ठेवलेल्या आवाजात.

राहिला फोनवरच्या बोलण्याचा भाग. माइक चालू झाला की ए२डीपी बाजूला पडते आणि त्याच हेडफोनचा आवाज एकदम डब्यातला वाटू लागतो. इथे एसबीसीचं धाकटं भावंड एमएसबीसी कामाला येतं: १६ किलोहर्ट्झ, एक चॅनल, ८ पट्टे, १५ ब्लॉक, बिटपूल २६, दर साडेसात मिलिसेकंदांना ५७ बाइट. पट्टे एकेक किलोहर्ट्झचे असल्यामुळे बोलण्याला ते छान बसतात. ज्या हेडफोनमध्ये ते नसतं तिथे जुना सीव्हीएसडी कोडेक चालतो आणि आवाज साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास कापला जातो. दुकानातच हे तपासता येतं. हेडफोन जोडून व्हॉट्सअ‍ॅपवर घरी कॉल लावा आणि पलीकडच्याला न सांगता ‘साल’ आणि ‘शाल’ असे शब्द उलटसुलट क्रमाने दहा वेळा म्हणा. ‘स’चा बराचसा आवाज चार किलोहर्ट्झच्या वर असतो. पलीकडे तो ‘श’सारखा किंवा ‘फ’सारखा ऐकू येत असेल तर तो हेडफोन ठेवून दुसरा बघा.